दिवा हिरवाच होता

१

दूध डुचमळलं.

तेवढ्यावरूनच सिस्टरला कळलं. फ्रीझरमधली बाटली हाताला दगडासारखी लागायला हवी होती. तिनं ती उचलली आणि आत दूध डुचमळलं. तिनं दुसरी उचलली, मग वरच्या कप्प्यातली, मग अगदी खालच्या कोपऱ्यातली. सगळीकडे तेच. फ्रीझरच्या दारावरचा दिवा मात्र हिरवागार होता, सगळं आलबेल असल्यासारखा.

मी पोचले तेव्हा ती फ्रीझरसमोर जमिनीवरच बसली होती. मी या प्रसूतिगृहाची मेट्रन. मला बघून बसलेली माणसं उठतात, लोळणारी तर पळतात. ही जागची हलली नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मोठं बिनसलंय.

आमच्याकडे दूधपेढी आहे. ऐकणाऱ्याला डेअरी वाटते, तशी ती नाही. ज्या आयांना आपल्या बाळाला पाजून दूध उरतं त्या ते आम्हाला देतात. आम्ही ते तपासतो, निर्जंतुक करतो, गोठवतो, आणि ज्या बाळांच्या आया आजारी असतात त्यांना थेंबाथेंबानं पाजतो. वेळेआधी जन्मलेल्या पोटाला दुसरं काही सोसत नाही. आणि एकदा वितळलेलं दूध परत गोठवून चालत नाही, ते ओतूनच द्यावं लागतं. स्वतःची झोप मोडून, एका हातानं आपलं बाळ थोपटत दुसऱ्याच्या बाळासाठी काढलेलं दूध मोरीत ओतायचं. मला त्या क्षणी कुणाचा तरी गळा धरावासा वाटला, फक्त कुणाचा ते कळत नव्हतं.

"मॅडम, मुठीचं काय करायचं?" सिस्टरनं विचारलं.

मूठ म्हणजे आमच्या अतिदक्षता विभागातली सगळ्यांत लहान मुलगी. जन्मली तेव्हा खरंच मुठीत मावेल असं वाटलं होतं, म्हणून ते नाव. तिची आई अजून शुद्धीवर यायची होती.

"वॉर्डातल्या आयांना विचारते. आजचं भागेल. तू आधी ऊठ बघू."

तेवढ्यात बालरोगतज्ज्ञ आले. आमचे मोठे डॉक्टर. त्यांनी फ्रीझरकडे पाहिलं आणि सरळ शेजारच्या पडद्याकडे गेले. हा फ्रीझर एका सॉफ्टवेअरवर चालतो. त्याचं नाव 'राखणदार'. तापमान तोच सांभाळतो, बिघडलं तर अलार्म तोच वाजवतो, आणि कोणी कधी काय केलं त्याची नोंदही तोच ठेवतो. डॉक्टरांनी कालची दुपार काढली आणि मोठ्यानं वाचलं.

"अलार्म बंद केला. तापमान शून्याखाली वीसवरून शून्याच्या वर आठ केलं." ते थांबले. मग सावकाश वळले. "करणारी व्यक्ती, दूधपेढीची सिस्टर."

२

"मी हात लावला नाही," सिस्टर म्हणाली.

"यंत्र खोटं बोलत नाही," डॉक्टर म्हणाले.

परवाच या दोघांची खडाजंगी झाली होती. खासगी खोलीतल्या एका धडधाकट बाळासाठी डॉक्टरांनी पेढीतलं दूध मागितलं. बाळाचे आजोबा बडी असामी होते. सिस्टरनं साफ नकार दिला. "मुठीच्या तोंडचं काढून मी कुणाच्या नातवाला देणार नाही," असं तिनं सगळ्यांदेखत ऐकवलं. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्याच वाक्याचा फास झाला.

"राग माझ्यावर होता, काढला दुधावर," डॉक्टर म्हणाले. "चुकून झालं असतं तर अलार्म आधी कोण बंद करतं? संध्याकाळी विश्वस्तांची बैठक आहे. मी तिथे पोलिसांत तक्रार द्यायला सांगणार. अशा बाईनं पुन्हा कुठल्याच दवाखान्यात पाऊल ठेवता कामा नये."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पण नोंद तर डोळ्यांसमोर होती. सिस्टरनं आयुष्यात हे एकच काम केलं होतं, आणि तेच संध्याकाळी तिच्या हातून जाणार होतं, वर तोंडाला काळं फासून.

मी वन्संना फोन लावला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. आता असं कुणी म्हणत नाही. मी म्हणते, निम्मं थट्टेनं, निम्मं धाकानं. त्यांनी विमा कंपनीत आयुष्य काढलं. कुठे लिफ्ट कोसळली, बॉयलर फुटला, की चूक यंत्राची की माणसाची हे ठरवायला यांना पाठवत. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा म्हणाल्या होत्या, "वहिनी, हाताला चव आहे तुमच्या. पण कुकरची शिट्टी एक दिवस छतात घुसणार." दुसऱ्याच आठवड्यात घुसली.

त्या आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि आधी फ्रीझरचं दार नुसतं उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं.

"वन्सं, दार नाही बिघडलं, तापमान वाढलं."

"ऐकलं मी. हा फ्रीझर नवा आहे म्हणता?"

"पेढी सुरू झाली तेव्हाच आला. कंपनीतून थेट, पॅकिंगसकट."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आत डोकं घातलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा वेगळाच होता. "मग वहिनी, हे डाग कुणी पाडले?"

३

तळाच्या पत्र्यावर फिकट गोल डाग होते, पाण्याच्या बाटलीच्या बुडाएवढे. आमच्या दुधाच्या बाटल्या त्याहून कितीतरी लहान.

"ते पहिल्या दिवसापासून आहेत, ताई," सिस्टर म्हणाली. "मी सोडा लावून घासघास घासले. निघाले नाहीत."

वन्संनी मान डोलावली आणि आमच्या मेकॅनिकला बोलवायला सांगितलं. त्याला आम्ही फ्यूज म्हणतो, कारण तो पटकन उडतो. राखणदार आल्यापासून त्याला फ्रीझरला हात लावायला मनाई होती, आणि तो याचा राग चहाच्या टपरीपासून गच्चीपर्यंत सगळीकडे बोलून दाखवायचा. त्यामुळे संशय त्याच्यावरही होता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

"मी काल दुपारी टाकीवर होतो. पंप विचारा पाहिजे तर," तो आल्या आल्या म्हणाला.

"पंपाला नंतर विचारीन. हा फ्रीझर आला तेव्हा तुम्ही पाहिला होता?"

"उतरवून घेतला ना मीच! नवा म्हणे. बिजागरी बघा, पहिल्याच आठवड्यात मला आवळावी लागली. दार ढिलं होतं, शंभर लोकांनी उघडझाप केल्यासारखं. आणि चाकं एका बाजूनं झिजलेली. मी तेव्हाच बोललो. पण मला कोण विचारतंय? मी पान्हेवाला!"

"आता मी विचारलं की. बसा."

मग त्या सिस्टरकडे वळल्या. "काल दुपारी तू कुठे होतीस?"

"इथेच. त्या टेबलाशी दूध गाळत होते. एकटीच. फ्रीझरकडे पाठ होती. तो मी सकाळीच उघडते."

"आणि पडद्यावर तुझं नाव चालूच होतं?"

सिस्टरनं मान खाली घातली. "पाळीभर चालू असतं, ताई. बंद केलं की दर वेळी पासवर्ड टाकायचा. हातात मोजे असतात. मोजे काढा, टाका, हात पुन्हा निर्जंतुक करा, नवे मोजे घाला. दूध तोवर उघडं राहतं. मी कंपनीला सांगितलं होतं, दुसरी काही सोय द्या. ते म्हणाले, सवय होईल."

"बघा!" डॉक्टर दारातून म्हणाले. ते कधीचे ऐकत होते कोण जाणे. "स्वतःच कबूल करतेय. दार सताड उघडं ठेवायचं आणि मग बोंब मारायची."

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं. "डॉक्टर, दूधपेढी बंद पडली तर या खोलीचं काय होईल?"

डॉक्टर गोरेमोरे झाले. खोली त्यांना हवी होती. तपासणीच्या नव्या मशीनसाठी त्यांनी ती दोनदा मागितली होती, आणि हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. तो विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही, पण तो त्यांच्या तोंडावर विचारायचं धाडस फक्त वन्संचं.

"याआधी कधी काही विचित्र घडलं होतं का?" वन्संनी सिस्टरला विचारलं.

"कधी कधी सकाळी बाटल्यांच्या बाहेर पाणी सुटून परत गोठल्यासारखं दिसायचं. आत दूध घट्टच असायचं. मी फोन केला होता. ते म्हणाले, दार उघडं ठेवू नका."

"कुठल्या दिवशी, आठवतं?"

सिस्टरनं विचार केला. "नेहमी शुक्रवारीच. शुक्रवारी मी फरशी पुसून घेते, म्हणून वार लक्षात आहे."

"म्हणजे गुरुवारी काहीतरी व्हायचं," वन्सं म्हणाल्या. "आणि काल?"

काल गुरुवार होता.

४

कंपनीच्या ऑफिसकडे जाताना टॅक्सीत मला राहवलं नाही. "कोण वाटतं तुम्हाला? डॉक्टर?"

"वहिनी, तुम्हाला कुणाचं दूध नासवायचं असतं तर तापमान किती केलं असतंत?"

"जेवढं जाईल तेवढं."

"जातं पंचवीसपर्यंत. मी बघितलं. दुष्टाव्यानं करणारा बटण दाबतच राहतो. आठवर कोण थांबतं?"

"ज्याला आठच हवं होतं तो."

"शाबास. आणि अलार्म आधी बंद केला, म्हणून डॉक्टर म्हणतात मुद्दाम केलं. मुद्दाम केलंच. पण पाप लपवायला की कान वाचवायला, ते बघायचं."

मला काही कळलं नाही आणि त्या पुढे बोलल्या नाहीत. यांचा हा स्वभाव जुना आहे. अर्धी गोष्ट सांगून माणसाला खुंटीला टांगून ठेवायचं.

राखणदार बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस काचेच्या इमारतीत होतं. मालकांनी आमचं हसतमुखानं स्वागत केलं, वन्संचं जुनं काम ऐकून ते हसू जरा आखडलं. त्यांच्या केबिनच्या कोपऱ्यात चष्मा लावलेली एक मुलगी लॅपटॉपवर काम करत होती. राखणदार ज्यांनी लिहिला त्यांतली ती एक, असं मालकांनी ओझरतं सांगितलं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण आमच्याकडून काही नाही हं. नोंद स्वच्छ आहे. तुमच्या बाईंनी लॉगआउट केलं नव्हतं. करारात स्पष्ट लिहिलंय, वापराच्या सुरक्षेची जबाबदारी ग्राहकाची."

"मोजे घालून पासवर्ड टाकता येत नाही, असं तिनं तुम्हाला कळवलं होतं," वन्सं म्हणाल्या.

"लोक काय, काहीही कारणं देतात. पूर्वीही असंच झालेलं. लसींचा साठा सांभाळणारी एक बाई होती. फ्रीझर बंद पडला, लसी गेल्या. मी हात लावला नाही, मी हात लावला नाही, हेच धरून बसली होती. नोंदीत नाव तिचंच. शेवटी काढलं तिला."

कोपऱ्यातल्या मुलीचे हात लॅपटॉपवर थांबले. माझं लक्ष गेलं, आणि वन्संचंही.

"ते जाऊ दे," वन्सं म्हणाल्या. "अलार्म बंद केल्यावरही दिवा हिरवाच कसा राहतो?"

"ग्राहकांनाच लाल दिवा आवडत नाही हो. घाबरतात."

"नाव राखणदार, आणि घर जळताना मालकाला झोपू देतो," वन्सं म्हणाल्या. मालक हसले, कारण त्यांना तो विनोद वाटला. "बरं, तुमच्याकडे नवीन ग्राहकांना शिकवतात कुठे?"

"आमचा वर्ग असतो ना. दर गुरुवारी."

माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

५

मालकांनी शिकवणाऱ्याला केबिनमध्येच बोलावलं. माणूस तरणाबांड, गोड बोलणारा आणि गळ्यात झगझगीत टाय बांधलेला होता. मी मनात त्याचं नाव टायवाले ठेवलं. आज वर्ग नव्हता, तरी वन्संनी सांगितल्यावर त्यानं खुशीनं टॅबलेट काढला.

"कालचा वर्ग कसा झाला?" वन्संनी सहज विचारलं.

"अर्धवटच राहिला, मॅडम. मध्येच टॅबलेटची बॅटरी मेली. म्हटलं, चला, सगळ्यांनी चहा घ्या."

"तुम्ही शिकवता ते कशावर?"

"आमची अभ्यासपेटी आहे, सरावासाठीचा फ्रीझर. पहिली बनवलेली. आधी या केबिनबाहेरच उभी असायची, भिंतीशी. येणारा जाणारा दार उघडून बघायचा." तो हसला. "उन्हाळ्यात आम्ही पाण्याच्या बाटल्या ठेवायचो तिच्यात. मग जागा कमी पडली, म्हणून गोदामात हलवली. पण इथूनच चालवता येते. तीच तर गंमत दाखवायची असते लोकांना."

"गोदामात तुम्ही पाहिलीत तिला?"

"नाही, काम नाही पडलं."

"मग दाखवा बघू," वन्सं मालकांकडे वळल्या.

"किल्ली आत्ता इथे नाही," मालक म्हणाले. फार पटकन म्हणाले.

वन्संनी आग्रह केला नाही. त्यांनी माझा फोन मागून घेतला, दवाखान्यात लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"सिस्टर, फ्रीझर रिकामा आहे ना?"

"हो, ताई. दूध ओतून दिलं." तिचा आवाज बसला होता.

"चालू कर आणि लांब भिंतीशी जाऊन उभी राहा. डॉक्टर आहेत?"

"आहे," डॉक्टर तुटकपणे म्हणाले. "हा काय तमाशा आहे, मला कळत नाही."

"तुम्हाला साक्षीदार केलंय. तुमच्यावर माझा विश्वास आहे, कारण तुमचा तिच्यावर नाही. तिचे हात आणि ठरवलेल्या तापमानाचा आकडा, दोन्हींवर नजर ठेवा."

मग त्या टायवाल्यांना म्हणाल्या, "करा सुरू. वर्गात करता अगदी तसं."

"थांबा," मालक उठून म्हणाले. "याची काही गरज नाही."

"अभ्यासपेटी तर आहे. गोदामात आहे. कुणाचं काय बिघडणार?" वन्सं म्हणाल्या.

मालकांना ना हो म्हणता येईना ना नाही. टायवाल्यांनी एकदा इकडे एकदा तिकडे बघितलं आणि सवयीनं बोट चालवलं.

"पहिल्यांदा मी अलार्म बंद करतो, नाहीतर टॅबलेट किंचाळतो आणि वर्गातले सगळे कान झाकतात. मग तापमान आठवर नेतो, कारण आठला या टॅबलेटवरची पट्टी लाल होते, ते लोकांना दिसायला हवं. हे झालं. आणि वर्ग संपताना हे 'पूर्ववत' दाबलं, की पेटी पुन्हा..."

फोनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला. 

६

"आकडा आठ झालाय," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येईना. "आपोआप. ती भिंतीशी उभी आहे. हात... हात तोंडावर आहेत तिचे."

"दिवा?"

"हिरवाच."

"आणि नोंदीत नाव?"

पलीकडे पावलं वाजली. "तिचंच," डॉक्टर म्हणाले. "देवा रे. तिचंच नाव आहे."

टायवाल्यांनी टॅबलेट निखारा असल्यासारखा खाली ठेवला. "मी? म्हणजे दर गुरुवारी मी?"

"दर गुरुवारी," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही तापवायचात, वर्ग संपताना पूर्ववत करायचात, म्हणून नुसता बाटल्यांना घाम फुटायचा. काल बॅटरी मेली आणि पूर्ववत करायचं राहिलं." त्या मालकांसमोर बसल्या. "नव्या म्हणून दिलेल्या फ्रीझरची बिजागरी ढिली, चाकं झिजलेली, आत पाण्याच्या बाटल्यांचे डाग. तो प्रदर्शनात उभा असलेला फ्रीझर होता, हे मला दार उघडतानाच कळलं. अभ्यासपेटी गोदामात नाहीच. ती तुम्ही पुसून, पॅकिंग करून आम्हाला विकलीत."

"त्यांना घाई होती," मालक म्हणाले. "उद्घाटन ठरलेलं. नवा माल तयार नव्हता. पेटीत दोष काहीच नव्हता!"

"पेटीत नव्हताच. तुमच्या टॅबलेटला पासवर्ड न विचारता ती पेटी उघडली कशी, हे सांगा."

 उत्तर कोपऱ्यातून आलं.

"मागचं दार आहे," चष्मेवाली मुलगी म्हणाली. "दुरुस्तीसाठी. सगळ्या पेट्यांना एकच किल्ली. आणि त्या दारानं आत गेलेल्याचं नाव राखणदार लिहीतच नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून जे नाव पडद्यावर चालू असेल तेच टाकतो." ती उभी राहिली. "मी सांगितलं होतं, सर. बाहेर पाठवायच्या आधी सांगितलं होतं."

"पुढच्या आवृत्तीत करू म्हटलं होतं ना मी!"

"तीन आवृत्त्या झाल्या, सर."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी आज डोळ्यांनी पाहत होते. आणि फाशीचा दोर विकणाराच समोर करार दाखवत होता. माझा पारा चढला. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेट्रनच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही. वन्संनी मला बोलू दिलं, हे विशेष.

"हे बघा," मालक घाम पुसत म्हणाले, "तुम्हाला आजच्या आज कोरा फ्रीझर देतो. तांत्रिक बिघाड होता असं पत्र देतो. तुमच्या बाई सुटतील. विषय इथेच मिटवू."

माझ्या मनात आलं, घ्यावं. सिस्टर सुटत होती. मी तेवढ्यासाठीच आले होते.

"आणि बाकीच्या पेट्यांचं मागचं दार?" वन्संनी विचारलं.

"ते करू हळूहळू. आत्ता बोभाटा केला तर धंदा बसेल माझा."

"एक माणूस कुलुपं विकतो," वन्सं म्हणाल्या. "सगळ्यांना एकच किल्ली ठेवतो, ती भर वर्गात फिरवतो. चोरी झाली की घरातल्या सुनेला विचारतो, बाई, कडी नीट लावली होतीस का? मालक, मोजे घालून लावता येत नाही अशी कडी बनवली कुणी? संकटात हिरवा राहणारा दिवा बनवला कुणी? हे आमच्या सिस्टरनं निवडलं नव्हतं. तुम्ही निवडलं होतं. जबाबदारी एका ओळीत ग्राहकाच्या गळ्यात घातली म्हणून ती त्याची होत नाही."

"मी सगळं ऐकतोय," फोनमधून डॉक्टर म्हणाले. "आणि बैठकीत सगळं सांगणार आहे."

मालकांनी घामानं भिजलेला रुमाल टेबलावर टाकला. चष्मेवाली त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं लॅपटॉप ओढला. "किल्ली काढून टाकतेय," ती म्हणाली. "सगळ्या पेट्यांची. मग एकेका ग्राहकाला फोन करते."

कुणी तिला अडवलं नाही. टायवाले खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "अर्धे मला दे."

७

बैठकीत डॉक्टर बोलले. माफी मागताना ते सिस्टरकडे न बघता फरशीकडे बघत होते, पण मागितली, सगळ्यांसमोर. फ्यूज दाराबाहेर उभा राहून "मी तेव्हाच बोललो होतो" असं येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता. वॉर्डातल्या आयांनी वाट्या भरून पाठवल्या होत्या आणि मूठ पोटभर पिऊन झोपली होती.

बैठक संपल्यावर आम्ही दूधपेढीत बसलो. सिस्टर रिकामा फ्रीझर पुसत होती. मला वाटलं, आता रडेल, मोकळी होईल. ती रडली नाही.

"ताई," ती वन्संना म्हणाली, "ते मालक लसींच्या बाईबद्दल काय म्हणाले होते?"

मी चमकले, फोन तर आम्ही नंतर लावला होता. मालकांनी लसींचं सांगितलं ते त्याआधी.

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"त्या चष्मेवाल्या मुलीनं. मघाशी फोन आला होता तिचा. किल्ली काढली म्हणून सांगायला. मग रडायलाच लागली. म्हणाली, तिथला फ्रीझर त्यांच्याच माणसानं बंद केला होता, मागच्या दारानं दुरुस्ती करताना. परत चालू करायला विसरला. नोंदीत नाव आलं त्या बाईचं. कंपनीनं तक्रार बंद केली, ग्राहकाची चूक म्हणून." सिस्टरनं फडकं पिळलं. "तिनं मला त्या बाईचा नंबर दिलाय. म्हणाली, माझी हिंमत होत नाही."

 वन्संनी आपला फोन सिस्टरपुढे सरकवला. सिस्टरनं मोजे काढले, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो? तुम्ही मला ओळखत नाही. मी एका दूधपेढीची सिस्टर बोलतेय." तिनं फडकं बाजूला ठेवलं. "तुमच्या लसींच्या फ्रीझरला तुम्ही हात लावला नव्हता. ते कंपनीकडून झालं होतं. पुरावा आहे. तुम्ही खरं बोलत होता."

  पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि एका बाईचा, अगदी हळू.

"थांबा हं, ठेवू नका. घरातल्या सगळ्यांना बोलावते. मग परत सांगा. जरा मोठ्यानं सांगा."

सिस्टर फोन हातात धरून उभी राहिली. पलीकडे दारं वाजत होती, माणसं गोळा होत होती. मग ती म्हणाली, "सगळे आले का?" आणि पहिल्यापासून, मोठ्यानं सांगायला लागली.